गोल पेशीची कड

आमच्या रस्त्यावरच्या टेलरबाईंना पेशी म्हणजे काय हे साठी उलटल्यावर कळलं, आणि तेही मी मागे लागले म्हणून. तोवर त्यांचं काही अडलं नव्हतं. त्यांच्या पेशींचंही नाही.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे काचेचं दार, दाराला घंटी, डाव्या हाताला कापायचं टेबल, खिडकीशी मशीन आणि भिंतीला लागून गिऱ्हाइकांसाठी बाकडं. कोपऱ्यात कपडे घालून बघायला पडदा लावून केलेली जागा. मागच्या दाराआड त्यांचं घर: एक पलंग, एक शेगडी, एक खुर्ची. खुर्च्या खरं तर दोन होत्या. दुसरी त्यांनी दुकानात आणून ठेवली, कारण घरात ती रिकामी बघवत नाही म्हणे. दुकानातही ती रिकामीच असायची. पण दुकानातली खुर्ची गिऱ्हाइकाची वाट बघते, घरातली कुणाची बघणार, असं त्यांचं म्हणणं.

नवरा गेला होता. गेला म्हणजे वारला नाही, गेला. दुसऱ्या शहरातलं एक काम बघून येतो म्हणून सकाळी निघाला तो अजून बघतोच आहे. मूलबाळ नाही. धाकटी बहीण लवकर वारली, तिची मुलगी यांनी वाढवली, शिकवली, तिचं लग्न लावून दिलं. भाची चांगली आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. रविवारी न चुकता फोन करते. फक्त भांडी घासताना करते, त्यामुळे फोनवर भाची आणि नळ असे दोघेही बोलत असतात आणि बऱ्याचदा नळाचं जास्त ऐकू येतं.

एके काळी या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. आसपासच्या शाळांचे गणवेश टेलरबाई शिवत. सुट्टी संपत आली की बाकड्यावर आया, आयांच्या मांडीवर पोरं, पोरांच्या हातात बिस्किटं आणि टेलरबाईंच्या तोंडात टाचण्या. तशाच टाचण्या धरून त्या सगळ्यांशी बोलायच्या आणि सगळ्यांना ते कळायचं. मग शाळांनी गणवेशाचं काम एका कंपनीला देऊन टाकलं. बाकीचे कपडेही लोक घरबसल्या मागवू लागले, खोक्यातून येऊ लागले. उरलं काय, तर चेन बदलून द्या, पँट आखूड करून द्या. लोक गाडी चालूच ठेवून दारातून पिशवी आत देतात. बाकड्यावर कुणी टेकत नाही. तरी कोपऱ्यातला तो पडदा त्या दर आठवड्याला धुऊन, इस्त्री करून परत लावायच्या. मी एकदा विचारलं, कोण बसलंय आत कपडे बदलायला? म्हणाल्या, "कुणी आलंच, तर मळका दिसायला नको."

माणसं त्यांना मापाने आठवत. नाव विसरतील, पण कंबर नाही. रस्त्याने कुणी गेलं की काचेतून बघून म्हणायच्या, याची बाही एक बोट लांब लागायची. माझी ओळख त्या लोकांना "उजवा खांदा उतरलेल्या बाई" अशी करून देत. मी कॉलेजात इतकी वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं त्याचा उल्लेख नंतर, जमला तर.

हे सगळं मला ठाऊक असायचं कारण मी त्यांच्या समोरच्या इमारतीत राहते आणि मला गप्प बसवत नाही. त्यामुळे भाचीचा तो फोन झाला तेव्हाही मी तिथेच होते. भाचीने घरात मागची खोली रिकामी करून ठेवली होती. मुलांच्या परीक्षा संपल्या की येऊन घेऊन जाते म्हणाली, दुकान सोडून दे. टेलरबाई म्हणाल्या, बघू. तेव्हा तिने नळ बंद केला आणि सरळ विचारलं, "मावशी, तिथे तुला आहे तरी कोण?"

फोन ठेवल्यावर टेलरबाई मला म्हणाल्या, "तिने विचारलं त्यात काही चूक नाही. पण मला उत्तर येईना. म्हटलं, काम आहे. ती म्हणाली, कुठलं?"

मग त्यांनी मशीनला तेल घातलं. मशीनला तेलाची गरज नव्हती.

आता माझं. दोन रस्ते सोडून अंध मुलींची एक शाळा आहे. तिथल्या विज्ञानाच्या शिक्षिका दीर्घ रजेवर गेल्या आणि मुलींची मोठी परीक्षा तोंडावर आलेली, म्हणून मी शिकवायला जात होते. पेशीचा धडा आला. शाळेत पेशीचं प्लॅस्टिकचं मॉडेल होतं, मधोमध कापलेलं, आतले भाग रंगवलेले. डोळ्यांना ते सुरेख दिसतं. बोटाला ते सगळं सारखंच कडक, सारखंच गुळगुळीत. केंद्रकावर हात ठेवा की तंतुकणिकेवर, लागतो प्लॅस्टिकचा डबाच. मुलींनी धडा पाठ केला होता. पेशीभित्तिका आधार देते, केंद्रक पेशीच्या कामांवर नियंत्रण ठेवते, तंतुकणिका ऊर्जा तयार करते. घडाघडा. वर्गात एक मुलगी होती, सगळे तिला वकील म्हणत, कारण ती कुठलीही गोष्ट पुराव्याशिवाय मान्य करायची नाही. ती म्हणाली, बाई, हे सगळं असतं कुठे? एकावर एक, शेजारी शेजारी, की एकात एक?

मला तोंडात मारल्यासारखं झालं. इतके दिवस मी हवेत शिकवत होते.

मी मुख्याध्यापिकांकडे गेले. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. वयाने त्या माझ्या मुलीसारख्या, पण शब्द इतके जपून वापरतात की जणू घरून मोजून आणलेत. कापडाच्या पेशी करून घेते म्हटलं, एक वनस्पतीची, एक प्राण्याची. त्या म्हणाल्या, करून बघा, जमलं तर पुढचं बघू.

मी हे टेलरबाईंना जसंच्या तसं सांगितलं, आणि तिथेच घोळ झाला. त्यांनी बाकीचं सोडलं आणि "पुढचं बघू" तेवढं धरून ठेवलं. पुढचं म्हणजे काय, ते त्यांनी मलाच विचारून घेतलं. फूल असतं का पुस्तकात? असतं. हृदय? असतं. कान? तोही असतो. मग सगळं कापडात करता येईल. वर्षभर पुरेल. दर वर्षी नव्या मुली. भाचीला सांगायला काम झालं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, पण त्या संध्याकाळी बाकडं पुसताना मी त्यांना बघितलं, आणि मला सगळं दिसलं.

शिकवणी दुकानातच सुरू झाली. मी पुस्तक आणि जुने तक्ते घेऊन जायची, त्या गळ्यात टेप अडकवून खुर्चीच्या टोकावर बसायच्या. विद्यार्थी म्हणून त्या भयंकर होत्या. दर वाक्याला अडवायच्या. पेशी म्हणजे सगळ्यात लहान जिवंत भाग म्हटलं, तर म्हणाल्या, लहान म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढा का? मी म्हटलं, टाचणीच्या डोक्यावर ढीगभर बसतील. त्यावर त्यांनी टाचणीकडे असं बघितलं, जणू तिने त्यांच्यापासून काहीतरी लपवून ठेवलं होतं.

पण हात लगेच चालायला लागले. केंद्रकासाठी मखमलीचा गोळा, आत कापूस, कापसात एक बटण, दाबल्यावर लागेल असं. ती केंद्रकी. तंतुकणिकेच्या आतल्या पटलाला घड्या असतात, त्यामुळे कमी जागेत जास्त पृष्ठभाग मिळतो, हे सांगायला मी तोंड उघडलं तोवर त्यांनी चुण्या घालायला सुरुवात केली होती. आंतर्द्रव्यजालिका म्हणजे नागमोडी फीत, अर्धी तशीच गुळगुळीत आणि अर्धीवर बारीक मणी शिवलेले. मणी म्हणजे रायबोझोम. गॉल्जी संकुल म्हणजे एकावर एक रचलेल्या चपट्या घड्या. इथे माल बांधून बाहेर पाठवतात म्हटल्यावर म्हणाल्या, म्हणजे पार्सल खातं. लयकारिकांच्या छोट्या पिशव्यांत त्यांनी रवाळ वाळू भरली. त्यांच्यात पचवणारे रस असतात, त्या फुटल्या तर पेशी स्वतःलाच खाऊन टाकते, हे ऐकून त्यांना राग आला.

"असली वस्तू घरात ठेवायचीच कशाला?"

घाण काढायला कुणीतरी लागतंच, असं मी म्हटलं. ते त्यांना पटलं, पण त्या पिशव्यांना त्यांनी दुहेरी टाके घातले.

वनस्पतीच्या पेशीत मधोमध मोठी रिक्तिका लागते. तिच्यासाठी साटीनची गार लागणारी पिशवी केली, आत पाणी भरलेली रबरी थैली. हरितलवकांत बटणांच्या चळती. आणि इथे आमच्या दोघींचं शहाणपण ऐका. हरितलवकं हिरवी हवीत म्हणून आम्ही एक अख्खी दुपार बाजारात घालवली. हा पोपटी नको, हा शेवाळी नको, पानाच्या जवळ जाणारा द्या, असं दुकानदाराला छळलं. परत येताना अर्ध्या रस्त्यात टेलरबाई थांबल्या आणि म्हणाल्या, "बाई, मुलींना दिसत नाही ना?" आम्ही तिथेच पिशव्या खाली ठेवून हसलो. त्या इतक्या हसलेल्या मी आधी कधी बघितल्या नव्हत्या. घरी आल्यावर म्हणाल्या, असू दे हिरवी, आपल्याला तर माहीत आहे.

तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं. आम्ही हसून विसरलो.

दोन्ही पेशी तयार झाल्या. मोठ्या जाड कापडावर बसवलेल्या: एक चौकोनी, एक गोल. चौकोनीला भोवती कॅनव्हासची जाड पट्टी, ती पेशीभित्तिका. मी दोन्ही तपासल्या. चष्मा लावून तपासल्या. एकही भाग चुकलेला नव्हता.

शाळेत नेल्या त्या दिवशी टेलरबाईंनी इस्त्रीचा ड्रेस घातला होता आणि टेप गळ्यातून काढायला विसरल्या होत्या. मुली टेबलाभोवती गोळा झाल्या आणि सगळ्यांचे हात एकदम कापडावर. मला काही शिकवावंच लागलं नाही. हे काय, हे काय, अशी सरबत्ती टेलरबाईंवर सुरू झाली, आणि त्या उत्तरं देत राहिल्या. एकीला रिक्तिकेत पाणी आहे हे कळल्यावर ती पिशवी सोडेचना. एकीला टेलरबाईंच्या गळ्यातली टेप सापडली, हा कुठला भाग म्हणून ती ओढायला लागली. टेलरबाईंच्या अंगाला एवढे हात बहुतेक कित्येक वर्षांत लागले नसतील. त्या आयुष्यभर दुसऱ्यांना हात लावत आल्या, खांदा, छाती, कंबर. त्यांचं माप कुणी घेतलं नव्हतं.

वकील मात्र चौकोनीवरून गोलावर, गोलावरून चौकोनीवर हात फिरवत होती.

"या दोन्ही वनस्पतीच आहेत," ती म्हणाली.

"नीट बघ," मी म्हटलं. त्या शाळेत आम्ही सगळे "बघ" असंच म्हणतो.

"बघितलं, बाई. एक गोल आहे, एक चौकोनी आहे. पण भिंत दोन्हीला आहे."

मी म्हटलं, शक्य नाही. तिने माझा हात धरून गोल पेशीच्या कडेवर ठेवला. मी डोळे मिटले. बोटाखाली एक टणक, उंच, सलग बांध लागला. टेलरबाईंनी गोलाची कड दोनदा मुडपून, आत दोरी घालून, वरून शिलाई मारली होती. डोळ्यांना ती नुसती नीट शिवलेली कड होती, त्याच कापडाची, त्याच रंगाची. बोटाला ती भिंत होती. आणि चांगली भक्कम.

टेलरबाई म्हणाल्या, ती भिंत नाही, ती कड आहे, कड मुडपावीच लागते. वकिलाने उद्धटपणा न करता विचारलं, "पण मला कसं कळणार, कुठली कड आणि कुठली भिंत?"

मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. परीक्षेत हाच फरक विचारतात, त्या म्हणाल्या, तेव्हा परीक्षेआधी एकदा दुरुस्त करून आणा. बास.

दुरुस्त करायचं म्हणजे काय, तर कड उसवायची. एवढंच. पण ते जमेना. मी दुसऱ्या दिवशी दुकानात गेले तर त्यांनी जुनी कड उसवून दोरी काढली होती आणि एकदाच मुडपून पुन्हा शिवली होती. म्हटलं, ही लागते बोटाला. तिसऱ्या दिवशी आणखी बारीक मुडपलेली. मी चिडले. प्राण्याच्या पेशीला भिंत नसते, टेलरबाई, नुसतं पातळ पटल असतं, हे मी तुम्हाला किती वेळा सांगू. त्याही चिडल्या. म्हणाल्या, उघडी कड घेऊन हे कापड मी कुणाच्या हातात दिलं नाही आजपर्यंत, चार हात लागले की धागे सुटतील, महिन्याभरात चिंध्या होतील, आणि लोक म्हणतील हे कुणी शिवलं. आणि मग म्हणाल्या, भिंत नाही तर आतलं सांडत कसं नाही?

प्रश्न बरोबर होता. सांगून समजण्यातला नव्हता.

मी त्यांना घरी नेलं. कॉलेज सोडताना मी एक जुना मायक्रोस्कोप विकत घेतला होता, तो जेवणाच्या टेबलावर मांडला. आधी कांद्याचा पापुद्रा ठेवला. त्यांनी चुकीचा डोळा मिटला, मग दोन्ही मिटले, मग एकदाचं दिसलं. विटांच्या भिंतीसारखं आहे म्हणाल्या, एकीला एक लागून. मग मी त्यांना आ करायला लावलं, दात कोरायच्या काडीने गालाच्या आतून जरासं खरवडलं, काचेवर लावलं, निळ्या औषधाचा थेंब टाकला.

त्या बराच वेळ वाकून बघत राहिल्या.

"या माझ्या?"

"तुमच्याच."

"कड किती पातळ आहे हो. आहे की नाही तेच कळत नाही. आणि तरी सांडलेलं नाही काही." मग डोळा न काढताच, "सुट्या सुट्या का आहेत? कांद्याच्या कशा एकत्र होत्या."

मी म्हटलं, काडीने खरवडून काढल्यावर सुट्या होणारच, गालात होत्या तेव्हा शेजारी शेजारीच होत्या. पेशींवरून माणसाला धडे काढणाऱ्या लोकांचा मला मनस्वी कंटाळा आहे, आणि टेलरबाईंनीही काही धडा काढला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, की आता या मेल्या का. मी म्हटलं, अशा रोज कितीतरी गळतात गालातून, आपण गिळून टाकतो. त्यावर म्हणाल्या, "तरीच संध्याकाळी भूक नसते." आणि पुन्हा वाकून बघायला लागल्या. मी चहा केला, तो गार झाला.

उपाय त्यांनाच सुचला. लहान मुलींच्या घेरदार फ्रॉकांना आतून जाळी लावायचे, तिचा एक तुकडा कुठल्यातरी खणात पडला होता. जाळीची कड मुडपावी लागत नाही, कारण तिचे धागे सुटतच नाहीत. गोल पेशीतले सगळे भाग त्यांनी उचलून पुन्हा मांडले आणि वरून ती जाळी पसरली. पटलातून काही आत जातं, काही बाहेर येतं, सगळंच नाही, असं मी सांगितलेलं होतं. जाळीत बोट दाबून म्हणाल्या, म्हणजे पाणी जाईल, मणी नाही जाणार. मी म्हटलं, अगदी बरोबर, आणि चौकोनीच्या भिंतीच्या आतही हीच जाळी हवी, पटल दोघींना असतं. ते त्यांनी मुकाट्याने केलं. पण जाळी गोल कापायची वेळ आली तेव्हा कात्री माझ्या हातात दिली. उघडी कड आपल्या हाताने सोडवेना. मी कापली. वाकडी कापली. त्या बघून म्हणाल्या, "बाई, तुम्ही कॉलेजात शिकवत होतात ते बरं झालं."

परीक्षेच्या आधी आम्ही पुन्हा शाळेत गेलो. या वेळी त्यांच्या पिशवीत आणखी एक वस्तू होती, ती मला तिथे पोचल्यावर दिसली. मखमलीच्या पाकळ्या, मधे दोऱ्याचे पुंकेसर. फुलाचं काम त्यांनी सुरूही केलं होतं.

वकिलाला सगळ्यात शेवटी बोलावलं. चौकोनीवर हात ठेवून ती म्हणाली, ही वनस्पती, आधी भिंत लागली, मग जाळी. मग गोलावर. हात कापडावरून सरकत गेला आणि थांबला, पुन्हा मागे आला, पुन्हा पुढे गेला.

"इथे सुरू कुठे झाली तेच कळलं नाही," ती म्हणाली. "एकदम आतच गेले. ही प्राणी."

"कशावरून?"

"हिला भिंत नाही."

टेलरबाईंनी माझा दंड धरला होता. त्यांच्या बोटांत जोर फार. मोठ्या बाई टेबलाशी आल्या, त्यांनीही दोन्हीवर हात फिरवून बघितला आणि त्यांच्या हिशेबाने भाषणच केलं. उत्तम झालंय म्हणाल्या. इतकं उत्तम असेल असं वाटलं नव्हतं.

टेलरबाईंनी पिशवीतून फूल काढलं. म्हणाल्या, पुढचं हे घेतलंय.

मोठ्या बाईंनी ते हातात घेतलं, नीट बघितलं आणि परत दिलं. फूल आम्ही खरंखुरंच देतो मुलींच्या हातात, त्या म्हणाल्या, त्याहून चांगलं काय करणार? हृदय, कान, डोळा यांची मॉडेल्स देणगीत आली आहेत, सुटे भाग निघतात, मुलींना ती कळतात. अडत होतं ते पेशीचंच. ती हातात धरता येत नाही म्हणून.

त्यांचं बरोबर होतं. माझ्या वर्गातही मी हेच म्हटलं असतं. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा मला फार राग येतो, कारण भांडायला काही उरत नाही. तरी मी थोडं भांडून बघितलं. दर वर्षी नवीन मुली येणार, एकाच जोडीवर किती हात पडणार? टेलरबाई मधेच हळूच म्हणाल्या, "उसवलं कुठे, तर मला सांगा. मी येईन."

मोठ्या बाई हसल्या. एरवी त्या हसत नाहीत. अगदी मनापासून, कौतुकाने म्हणाल्या, "छे हो. तुम्ही शिवलंय, ते काय उसवतंय?"

परत येताना आम्ही दोघी फुटपाथवरून चाललो होतो. मला तोंड आवरत नाही. मी म्हटलं, कच्ची शिलाई घालायची होतीत, दर दोन महिन्यांनी बोलावणं आलं असतं. त्या थांबल्याच. मुलींच्या हातात कच्चं देऊ, असं विचारलं. मी म्हटलं, नाही, चुकलं. मग आम्ही पुन्हा चालायला लागलो. दुकानाशी आल्यावर त्यांनी कुलूप काढलं, घंटी वाजली, आणि घंटी वाजल्यावर त्या सवयीने आत बघून "या" म्हणाल्या. आत कुणी नव्हतं. बाहेर आम्हीच होतो.

मी म्हटलं, माझ्याकडे एक खोली रिकामी आहे. मशीन खिडकीशी बसेल. मला आवाजाचा त्रास होत नाही.

हे खोटं आहे, मला आवाजाचा फार त्रास होतो. त्यांनाही ते माहीत होतं.

"तुम्ही दोन दिवसांत मला हाकलून द्याल, बाई," त्या म्हणाल्या. "आणि भाची म्हणेल, माझ्याकडे जागा असताना परक्यांकडे राहिली. तिने पुन्हा विचारलं, कुठलं काम, तर काय सांगू मी आता?"

मी आग्रह केला नाही. मला आग्रह करता येत नाही, मी एकदा विचारते.

परीक्षा संपल्या. भाची आणि जावई गाडी घेऊन आले. भाची खरंच चांगली आहे. तिने पलंगाची गादी गुंडाळताना दोनदा डोळे पुसले, मावशीने बघू नये म्हणून पाठ करून. कापायचं टेबल शेजारच्या चपलांच्या दुकानाला दिलं. बाकडं कुणी घेतलं नाही. मशीन गाडीत बसेना. जावई म्हणाले, तिकडे घरातही जागा नाही, शिवाय हल्ली घरी शिवतं कोण. टेलरबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर मागितला, मशीनचं वरचं डोकं सोडवलं, चादरीत गुंडाळलं आणि मागच्या सीटवर मांडीवर घेऊन बसल्या. डिकीत ठेवू, मावशी, एवढा प्रवास, पाय अवघडतील, भाचीने पुन्हा पुन्हा सांगितलं. असू दे म्हणाल्या. पोलादाचं ते धूड मांडीवर, त्यावर दोन्ही हात, आणि गाडी गेली. मला हात करायला त्यांचे हात रिकामे नव्हते.

मी महिनाभराने फोन केला. रविवार सोडून केला, नळ नको म्हणून. त्यांनी आधी शाळेचं विचारलं. मी सांगितलं, निकाल लागला, वकील पास झाली, परीक्षेत दोन पेशींतला फरकही आला होता. बरं झालं म्हणाल्या. बाकी सगळं छान आहे. खोलीला खिडकी आहे. मुलं गुणी आहेत, दिवसभर शाळेत, मग क्लासला, संध्याकाळी आपापल्या खोलीत. जेवायला सगळे वेगवेगळ्या वेळी येतात, त्यामुळे कुणाचा त्रास नाही. मशीन टेबलावर बसवलंय, हाताने चाक फिरवून चालतं.

मी विचारलं, शिवायला काही मिळतं का तिथे?

पडदे मिळाले म्हणाल्या. भाचीचे विकत आणलेले पडदे, त्यांच्या कडा अगदी वाईट शिवलेल्या. दिवसभर घरात कुणी नसतं, तेव्हा त्या एकेक पडदा काढतात, कड उसवतात, नीट मुडपून पुन्हा शिवतात आणि सगळे यायच्या आत परत लावून ठेवतात. कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

"आणि पडदे संपले की?" मी विचारलं.

"संपले," त्या म्हणाल्या. "आता चादरी घेतल्यात."